गोंदियाच्या फलाटावर मोजायचा वेग

बालाघाटहून मुंबईला निघालेल्या माणसाच्या प्रवासाचे तीन तुकडे पडतात. बालाघाट ते गोंदिया सुमारे ४१ किलोमीटर, गोंदिया ते नागपूर १३० किलोमीटर आणि नागपूर ते मुंबई ८३७ किलोमीटर. गेली काही वर्षे द्रुतगती रेल्वेची जी चर्चा विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या बालाघाट, शिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांत चालू आहे, ती जवळजवळ सगळी तिसऱ्या तुकड्याबद्दल आहे. मुंबई-नागपूर हा देशातल्या नियोजित बुलेट ट्रेन मार्गांपैकी एक. सुमारे साडेसातशे किलोमीटरच्या या मार्गाच्या सविस्तर प्रकल्प अहवालाचे काम राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळाकडे सोपवले गेले. मार्च २०२१ मध्ये विमानातून लेझर किरणांच्या साहाय्याने जमिनीचे मोजमाप सुरू झाले, शहापूर, नाशिक, शिर्डी, जालना, मेहकर, कारंजा, पुलगाव, वर्धा अशी स्थानकांची नावेही लोकांपर्यंत पोहोचली. त्यानंतर हा प्रकल्प सर्वेक्षण आणि अहवाल यांच्या पुढे जमिनीवर उतरलेला नाही. लोकांना याचा संताप येतो आणि तो रास्त आहे. पण या संतापाचा नेम किंचित चुकतो आहे, असे मला वाटते. बालाघाटसारख्या जिल्ह्याचा प्रवास सर्वांत जास्त रखडतो तो पहिल्या दोन तुकड्यांत, आणि तो का रखडतो हे नीट पाहिले तर तिसरा तुकडा का अडला आहे याचेही उत्तर तिथेच सापडते.

बालाघाटला उशिराचा अनुभव नवा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूर असा सातपुड्यातून जाणारा अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज मार्ग टाकला. नैनपूरहून त्याचे फाटे छिंदवाडा आणि मंडल्याकडे गेले, बालाघाटहून एक फाटा कटंगीला गेला. अरुंद रुळांमुळे वळणे तीव्र ठेवता आली, बांधकाम स्वस्त पडले आणि भारवेलीच्या मँगनीजच्या व जंगलातल्या लाकडाच्या या मुलखात आगगाडी लवकर आली. पण त्याच अरुंद रुळांनी जिल्हा उरलेल्या देशापासून तोडलाही. गोंदियाला मुंबई-हावडा या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेज मार्गावरून आलेला डबा बालाघाटकडे जाऊ शकत नव्हता. माणसांना गाडी बदलावी लागे, माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. जबलपूर ते गोंदिया हे सव्वादोनशे किलोमीटरचे अंतर कापायला दिवसाचा मोठा भाग जाई.

या मार्गाच्या रुंदीकरणाला १९९६-९७ मध्ये मंजुरी मिळाली. गोंदिया-बालाघाट तुकडा नव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाला, मागोमाग कटंगीचा फाटाही. नैनपूरकडचा घाट-जंगलाचा भाग मात्र तसाच राहिला. २०१५ च्या अखेरीस नैनपूरभोवतीची छोटी लाइन बंद करून रूळ उखडण्यात आले. जबलपूरकडून नैनपूरपर्यंतचे काम आधी उरकले, पण लामटा-समनापूर हा मधला दुवा जुळून जबलपूर ते गोंदिया अखंड ब्रॉडगेज व्हायला २०२१ साल उजाडले. मंजुरीपासून पूर्ततेपर्यंत चोवीस-पंचवीस वर्षे. त्यातही शेवटची पाच वर्षे बालाघाट-नैनपूर पट्ट्याला छोटी गाडीही नव्हती आणि मोठीही नव्हती. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल पदवी घेऊन नोकरीला लागले तरी त्याच्या गावची गाडी तयार झाली नव्हती. अशा जिल्ह्यात द्रुतगती रेल्वेची घोषणा होते तेव्हा लोक ती जुन्या हिशेबाला जोडून ऐकतात. रुळांची रुंदी बदलायला पाव शतक लागते, तर ताशी ३२० किलोमीटरचा मार्ग कधी येणार, हा त्यांचा प्रश्न अनुभवातून आलेला आहे.

आता वेगाचा हिशेब करून पाहू. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातून बिलासपूरकडे वंदे भारत एक्स्प्रेस रवाना झाली. ही गाडी बांधणीने ताशी १६० किलोमीटर आणि त्याहून अधिक वेगाला समर्थ आहे. या मार्गावर ती कमाल १३० ने धावू शकते. पण नागपूर-बिलासपूरचे सुमारे ४१२ किलोमीटर ती साडेपाच तासांत पार करते, म्हणजे सरासरी ताशी ७५. क्षमता आणि सरासरी यांतली ही दरी गाडीच्या दोषामुळे पडलेली नाही. हावडा-मुंबई हा देशातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी एक. छत्तीसगडचा कोळसा, लोखंड आणि सिमेंट त्याच रुळांवरून जाते. पुढे मालगाड्यांची रांग असताना मागच्या गाडीच्या इंजिनाची ताकद फारशी उपयोगी पडत नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला गोंदिया-डोंगरगड हा ८४ किलोमीटरचा चौथा मार्ग किंवा एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेले गोंदिया-बल्लारशा हे २४० किलोमीटरचे दुहेरीकरण, ही वेग वाढवणारी कामे आहेत. त्यांच्या बातमीला बुलेट ट्रेनच्या बातमीइतकी जागा मिळत नाही, एवढाच फरक.

याच हिशेबात बालाघाटचा प्रवासी घालू. समजा त्याला गोंदियाला पोहोचायला एक तास लागला, तिथे पुढच्या गाडीसाठी दोन तास थांबावे लागले आणि गोंदिया-नागपूरचे १३० किलोमीटर त्याने ताशी ७५ च्या सरासरीने पावणेदोन तासांत पार केले. एकूण पावणेपाच तास. उद्या अब्जावधी रुपये खर्चून गोंदिया-नागपूरची सरासरी १३० वर नेली, तर त्याचा पाऊण तास वाचेल. रुळाला हात न लावता गोंदियाची वाट पाहण्याची वेळ दोन तासांवरून अर्ध्या तासावर आणली, तर दीड तास वाचेल. पहिल्या कामाला एक तप लागू शकते. दुसऱ्याला जोडगाडीचे वेळापत्रक आणि एखादा जास्तीचा मेमू रेक लागतो. छोट्या जिल्ह्याच्या दृष्टीने वेग ही फलाटावर मोजायची गोष्ट आहे. दिवसातून किती वेळा गाडी मिळते, पहिली गाडी उशिरा आली तर दुसरी तिच्यासाठी थांबते का, आणि रात्री परतीची सोय आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे घरापासून मुक्कामापर्यंतचा खरा वेळ ठरवतात.

मुंबई-नागपूर द्रुतगती मार्ग झालाच तर काय होईल, हेही पाहावे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटरसाठी थांब्यांनुसार दोन ते तीन तास घेईल, असे तिच्या आखणीत आहे. त्याच प्रमाणात मुंबई-नागपूर तीन ते साडेचार तासांवर येईल. म्हणजे बालाघाटच्या माणसाला नागपूर गाठायला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात तो पुढे मुंबई गाठेल. शिवाय शेवटच्या स्थानकासाठी चर्चेत असलेले खापरी नागपूरच्या दक्षिण टोकाला आहे, तर गोंदियाकडून येणारा मार्ग शहरात उत्तर-पूर्वेकडून शिरतो. शहराची मेट्रो हा दुवा जुळवू शकते, पण तो आधीच आखून ठेवावा लागेल. आज विदर्भ एक्स्प्रेस गोंदियातून निघून रात्रभर धावत सकाळी मुंबईत पोहोचते. गाडी संथ असली तरी सामान घेऊन, आजारी माणूस घेऊन एकदाच चढायचे असते. उद्याच्या वेगवान प्रवासात तीनदा चढउतार होणार असेल आणि एकही जोडणी खात्रीची नसेल, तर पूर्व विदर्भ आणि बालाघाटला त्या वेगाचा वाटा फार थोडा मिळेल.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की हा विचार संकुचित आहे. जपानने १९५९ मध्ये तोक्यो-ओसाका शिंकान्सेनचे काम सुरू केले तेव्हा त्याच्याही देशात असंख्य संथ मार्ग होते. ते आधी सुधारत बसला असता तर १ ऑक्टोबर १९६४ ला ५१५ किलोमीटरचा तो मार्ग सुरू झालाच नसता. आक्षेपात तथ्य आहे. धाडस केल्याशिवाय मोठे काम होत नाही, आणि तो प्रकल्पही खर्चाच्या अंदाजाच्या जवळपास दुपटीवर गेल्याने जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी यांना उद्घाटनाआधीच पद सोडावे लागले होते. मात्र तो मार्ग बांधला गेला तो जुना तोकाइदो मार्ग गाड्यांनी तुंबला होता म्हणून. गरज आधी मोजली गेली आणि मग उत्तर शोधले गेले. शिवाय जपानच्याच पुढच्या इतिहासात बालाघाटला अधिक जवळचा धडा आहे. यामागाता हे डोंगरांतले शहर. तिथला रूळ १,०६७ मिलिमीटरचा, शिंकान्सेनचा १,४३५ चा, त्यामुळे प्रवाशांना फुकुशिमाला गाडी बदलावी लागे. नवा द्रुतगती मार्ग परवडणार नव्हता. म्हणून जुन्याच ८७ किलोमीटरच्या मार्गाचे रूळ रुंद केले आणि १ जुलै १९९२ पासून तोक्योची गाडी थेट यामागाताला जाऊ लागली. डोंगरातल्या त्या भागात ती ताशी १३० च्या पुढे जात नाही. तरीही लोकांचा वेळ वाचला, कारण बदल टळला. गोंदिया-जबलपूरचे रुंदीकरण हे तांत्रिकदृष्ट्या त्याच जातीचे काम आहे. फरक इतकाच, की यामागातात रुंदीकरणाच्या पहिल्याच दिवशी थेट गाडी धावली. आपल्याकडे रुंदीकरण संपले म्हणजे काम संपले असे समजले गेले, आणि रूळ पडल्यावर त्यांवर कोणत्या गाड्या किती वेळा धावणार हा प्रश्न वेगळ्या निवेदनांचा विषय झाला.

दुसरा आक्षेप जंगलाचा. गोंदिया-जबलपूर मार्ग कान्हा आणि पेंच या दोन व्याघ्र प्रकल्पांमधल्या जंगलपट्ट्यातून जातो, वाघांची ये-जा तिथून होते, आणि वन्यजीव परवानगीला वेळ लागला तर त्याला दोष देऊ नये, असे म्हटले जाते. दोष देऊच नये. वाघाचा मार्ग तुटू न देणे हीसुद्धा सार्वजनिक गरज आहे. पण जंगल १९९६ मध्येही तिथेच होते. परवानगीचा प्रश्न शेवटी आला तो तो आधी विचारला गेला नाही म्हणून. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण याच कारणाने वर्षानुवर्षे अडले होते. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी ५० ते ७५० मीटर लांबीचे भुयारी मार्ग आणि पूल बांधले गेले, आणि वाघांसह अनेक प्राणी त्यांखालून जातात हे भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिले. म्हणजे उपाय माहीत होता. तो आराखड्यातच असता तर काही कोटी रुपये जास्त लागले असते आणि कित्येक वर्षे वाचली असती. पुणे-नाशिक या सुमारे २३५ किलोमीटरच्या अर्धद्रुतगती मार्गाचेही तेच झाले. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण नव्वदच्या दशकापासून तिथे उभी आहे. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येईल, हा मुद्दा मार्ग आखून, राज्याची मंजुरी मिळून, जमीन घ्यायला सुरुवात झाल्यावर निर्णायक ठरला आणि मार्गच बदलण्याची वेळ आली.

इथे माझ्या म्हणण्याचा गाभा येतो. आपल्याकडे रेल्वेप्रकल्प रखडतात ते तंत्रज्ञान नसल्यामुळे क्वचितच, आणि निव्वळ पैशाअभावीही नेहमी नाही. घोषणा तयारीच्या आधी होते, म्हणून ते रखडतात. जमीन, जंगल, नदीवरचे पूल, राज्याचा हिस्सा या गोष्टी घोषणेनंतर एकेक करून उलगडतात आणि प्रत्येक गाठीशी काही वर्षे जातात. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी यायला सप्टेंबर २०२२ आणि बीडला यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस लागला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचे काम २००९ मध्ये सुरू झाले. त्यातला वर्धा-कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. दरवर्षी शेकडो प्रकल्पांना थोडी थोडी तरतूद देत राहिले की सगळे जिवंत राहतात आणि एकही पूर्ण होत नाही. पाण्याची एकच बादली पन्नास झाडांना वाटून घातल्यावर जे होते, तेच हे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला पैशाची अडचण नव्हती. जपानने ०.१ टक्के व्याजाचे, पन्नास वर्षांच्या मुदतीचे कर्ज देऊ केले होते. १४ सप्टेंबर २०१७ रोजी भूमिपूजन झाले, पण संपूर्ण जमीन ताब्यात यायला जानेवारी २०२४ उजाडले. पायाभरणीच्या दिवशी जाहीर झालेली तारीख २०२२ ची होती.

याच प्रदेशात उलट उदाहरणही आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची घोषणा २०१५ मधली. ७०१ किलोमीटर लांबी, सुमारे ५५ हजार कोटींचा खर्च, दहा जिल्ह्यांतली जमीन, कसाऱ्याजवळचे जोडबोगदे आणि मधली करोनाची साथ. तरी नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमने तुकडा ५ जून २०२५ ला. म्हणजे दहा वर्षांत. या महामार्गाबद्दल अपघातांपासून शेतजमिनीपर्यंत अनेक गंभीर प्रश्न आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण अंमलबजावणीचा धडा स्पष्ट आहे. एकच यंत्रणा जबाबदार होती, जमीन वाटाघाटीने थेट खरेदी करून चांगल्या मोबदल्यात घेतली गेली, आणि पैशाची तरतूद वर्षावर्षाला न बदलता एकत्र उभी केली गेली. बालाघाटच्या रेल्वेला असा एक धनी कधी मिळाला नाही. जिल्हा मध्य प्रदेशात, राजधानी भोपाळ. रेल्वेचा विभाग नागपूर, झोनचे मुख्यालय बिलासपूर, म्हणजे छत्तीसगड. मार्गाचे दुसरे टोक जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. १९५६ पर्यंत नागपूर हीच बालाघाटची राजधानी होती. पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट पलीकडे राहिले, पण दवाखाना, बाजार आणि कॉलेजसाठी माणसे नागपूर-गोंदियाकडेच येत राहिली. राज्याची सीमा आणि लोकांची वाट वेगळी झाली की त्या वाटेचा आग्रह धरणारे कुणी उरत नाही. तिरोडी आणि कटंगी यांमधला जेमतेम १५ किलोमीटरचा दुवा जुळला तर बालाघाटहून तुमसरमार्गे नागपूरला थेट वाट मिळते, हे नकाशा पाहणाऱ्या कुणालाही दिसत होते. दोन्हीकडे शतकभरापासून रूळ होते. तो दुवा या शतकात जुळला.

तिसरा आक्षेप अधिक कठीण आहे. बालाघाटमध्ये इतके प्रवासी आहेत का, असा तो प्रश्न. नागपूर-बिलासपूर वंदे भारतलाही पुरेसे प्रवासी न मिळाल्याने तिचे डबे १६ वरून ८ करावे लागले होते. मग छोट्या जिल्ह्यासाठी गाड्या वाढवून रेल्वेने तोटा का सोसावा? उत्तर याच उदाहरणात आहे. महागड्या, मोजक्या थांब्यांच्या, दिवसातून एकदा धावणाऱ्या गाडीला प्रवासी कमी मिळाले याचा अर्थ प्रवासी नाहीत असा होत नाही. त्यांच्या खिशाला आणि वेळेला जुळणारी गाडी ती नव्हती, असा होतो. आणि बालाघाटचा मार्ग केवळ बालाघाटचा नाही. जबलपूरहून बल्लारशाकडे जायला इटारसी-नागपूरऐवजी गोंदियामार्गे गेल्यास अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटरने घटते. उत्तर आणि दक्षिण यांना जोडणारा हा आडमार्ग आहे. गोंदिया-बल्लारशाचे दुहेरीकरण मंजूर होण्यामागे हाच हिशेब आहे. या मार्गावरून लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या वाढतील तेव्हा धोका वेगळाच असेल. त्या धावत जातील आणि स्थानिक मेमू क्रॉसिंगसाठी लूप लाइनवर थांबून राहील. तेव्हा स्थानिक गाड्यांच्या वेळा आधी ठरवून घेणे ही आजची गरज आहे.

म्हणून लोकांनी संताप सोडावा असे मी म्हणत नाही. त्याला नेमके शब्द द्यावेत, असे म्हणतो. बुलेट ट्रेन कधी, हा प्रश्न विचारणाऱ्याला तारीख मिळते आणि ती तारीख पुढे सरकत राहते. त्याऐवजी प्रत्येक मंजूर प्रकल्पाबाबत किती हेक्टर जमीन हवी आणि किती मिळाली, वनपरवानगीचा अर्ज कोणत्या दिवशी गेला आणि कोणाच्या टेबलावर आहे, या वर्षी तरतूद किती आणि खर्च किती, हे दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावे असा आग्रह धरता येतो. अशा आकड्यांना पुढे सरकता येत नाही. एकतर ते बदलतात, किंवा का बदलले नाहीत हे सांगावे लागते. नागपूरपर्यंतच्या कोणत्याही द्रुतगती योजनेच्या अहवालात गोंदिया, बालाघाट, भंडारा, तुमसर यांच्या जोडगाड्यांचे वेळापत्रक आणि खर्च समाविष्ट असावा, ही मागणीही तितकीच रास्त आहे. आणि ज्या गोष्टीला जमीन लागत नाही, परवानगी लागत नाही, ती आजच मागावी. बालाघाटची गाडी आणि नागपूरची गाडी गोंदियाला एकमेकींची वाट पाहोत. विदर्भ एक्स्प्रेस आणि बालाघाटचा मेमू यांच्या वेळा जुळल्या, की ज्या वेगासाठी जिल्ह्याने पाव शतक रुंद रुळांची वाट पाहिली, त्याचा पहिला हप्ता त्याच्या पदरात पडेल. पुढच्या हप्त्यांवर विश्वास ठेवायला लोकांना तेव्हाच काही कारण मिळेल.